तिसरे नाव: ओढ्यातल्या लहान माशांच्या उपजाती ओळखण्यामागची गोष्ट

बोटभर लांबीचा मासा सूक्ष्मदर्शकाखाली आडवा ठेवलेला असतो, डोके डावीकडे. हातात सुई. कल्ल्याचे झाकण संपते तिथे खांद्याच्या हाडाला टेकलेला पहिला खवला सापडतो. तिथून पार्श्वरेखेवरचा, म्हणजे माशाच्या कुशीवरून शेपटीकडे जाणाऱ्या रेषेवरचा, एकेक खवला मोजत शेपटीकडे सरकायचे. शेपटी नेमकी कुठे सुरू होते? तिला हलकेच वाकवायचे, घडी पडेल तिथे धड संपले. मध्येच एखादा खवला गळालेला असेल तर त्याची रिकामी खाच मोजायची. पाठीवर जो पर, म्हणजे पोहण्याचा पंख असतो, त्यात पंख्याच्या काड्यांसारखे अर असतात. त्यातले शेवटचे दोन एकाच बुडातून फुटलेले असतील तर ते एकच धरायचे. एवढे सगळे नीट केले, समजा ६२ खवले भरले. शेजारच्या बरणीतल्या माशाचे ६६ भरले. आता या दोघांची उपजात कोणती?

बरणीवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय ते सांगता येत नाही. मासा कुठल्या ओढ्यातला, त्या ओढ्यातले बाकीचे मासे कसे, हे माहीत असेल तरच त्या ६२ ला अर्थ येतो. उपजात ही एकट्या माशाची ओळख नसतेच, ती एका पाणलोटातल्या सगळ्या माशांची मिळून असते. हे कळायला मत्स्यशास्त्राला दीडदोनशे वर्षे लागली. कळल्यानंतरही ते वारंवार विसरले गेले.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. वर्तमानपत्रे ज्याला ‘प्रजाती’ म्हणतात त्याला जीवशास्त्राची पुस्तके बहुधा ‘जाती’ म्हणतात. इथे जाती म्हणजे दोन शब्दांचे शास्त्रीय नाव असलेला गट. त्यापुढे तिसरा शब्द लागला की ती उपजाती.

मोजणीची सवय फार जुनी. स्वीडनचा पेटर आर्टेडी परांचे अर, मणके, अवयवांची ठेवण यांची पद्धतशीर नोंद ठेवत असे. १७३५ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो रात्रीच्या वेळी ॲमस्टरडॅमच्या कालव्यात पडून बुडाला. माशांच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या माणसाचा असा शेवट झाला. त्याची हस्तलिखिते त्याचा मित्र लिनियसने १७३८ मध्ये छापून आणली, आणि लिनियसने १७५८ मध्ये प्राण्यांना दोन शब्दांची नावे दिली त्या नामकरणात माशांचा भाग बऱ्याच अंशी आर्टेडीच्याच शिदोरीवर उभा राहिला. युरोपातल्या ओढ्यांतला चिमुकला मिनो त्याच वर्षी ‘सायप्रिनस फॉक्सिनस’ झाला. त्याला ‘फॉक्सिनस फॉक्सिनस’ हे नाव पुढे मिळाले. लिनियसच्या लेखी जाती ठरलेल्या होत्या. त्यातून थोडा वेगळा दिसणारा मासा म्हणजे ‘वाण’, म्हणजे फारसे मनावर न घेण्याची गोष्ट.

तीन शब्दी नावे पक्षीशास्त्रातून आली. हर्मन श्लेगल यांनी १८४४ मध्ये पक्ष्यांसाठी ती पद्धतशीरपणे वापरली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी पक्षीतज्ज्ञांनी ती रुळवली. पक्ष्यांना ती शोभते. पक्षी उडतो, प्रदेशभर पसरतो आणि रंगछटा हळूहळू बदलत जातात. ओढ्यातल्या माशाचे तसे नाही. डोंगराच्या या बाजूचा ओढा आणि त्या बाजूचा ओढा यांत चालत तासाभराचे अंतर असेल, पण माशाच्या हिशेबाने मध्ये समुद्र आहे. एका ओढ्याने दुसऱ्याचा माथा कापून त्याचे पाणी पळवले, म्हणजे भूगोलात ज्याला नदी अपहरण म्हणतात ते घडले, तरच मासे पलीकडे जाणार. पक्ष्यांसाठी शिवलेला अंगरखा माशांना घातल्यावर तो काखेत काचणारच होता.

तरी तो घातला गेला, आणि सगळ्यात उत्साहाने घातला तो कार्ल हब्ज यांनी. हे १९२० ते १९४४ मिशिगन विद्यापीठाच्या संग्रहालयात माशांचे अभिरक्षक होते. खवले मोजताना शेपटी वाकवून घडी बघायची, शेवटचे दोन अर एक धरायचे, हे नियम त्यांनी कार्ल लॅग्लर यांच्यासोबत असे घालून दिले की आजही जगभर तसेच मोजतात. त्याआधी प्रत्येकजण आपल्या मर्जीने मोजत असे, त्यामुळे दोन विद्वानांच्या आकड्यांतला फरक माशांचा की विद्वानांचा हे कळायला मार्ग नव्हता.

गंमत अशी की आकड्यांवर किती विसंबावे याचा इशाराही हब्ज यांनीच दिला होता. अमेरिकी मत्स्यतज्ज्ञ डेव्हिड स्टार जॉर्डन यांनी १८९१ मध्ये दाखवले होते की थंड, उत्तरेकडच्या पाण्यातल्या माशांना मणके जास्त असतात. हब्ज यांनी १९२२ मध्ये पुढचा दुवा जोडला: अंड्यातून मासा घडत असताना पाणी किती थंड किंवा उबदार आहे यावरही मणक्यांची आणि अरांची संख्या हलते. म्हणजे एकाच आईबापांची पिल्ले दोन तापमानांत वाढवली तर ती मोजणीत दोन गटांची वाटू शकतात. उन्हात तापणारा उथळ ओढा आणि सावलीतला झरा यांतल्या माशांमध्ये दोन अरांचा फरक दिसला तर तो वंशाचा की पाण्याचा? संग्रहालयात बसून हे ठरवता येत नाही. हे ठाऊक असूनही हब्ज यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपजातींना भराभर नावे दिली. त्याबद्दल त्यांना हसणारे पुष्कळ आहेत. मला मात्र त्यात निष्काळजीपणा दिसत नाही. त्यांची नजर आकड्याच्या पलीकडे, नकाशावर होती.

पश्चिम अमेरिकेच्या वाळवंटात ते कुटुंबकबिल्यासह मोटारीने हिंडले. पत्नी लॉरा सोबत मासे गोळा करी, मोजणी करी. विद्यार्थी रॉबर्ट मिलर पुढे जावई झाला. त्या प्रदेशात हिमयुगात लाहाँटन, बॉनव्हिल अशी विस्तीर्ण सरोवरे होती. ती आटली आणि मासे तुटक झऱ्यांत, ओहोळांत अडकून पडले. हब्ज आणि मिलर यांनी १९४८ मध्ये मांडले की कुठला मासा कुठे सापडतो यावरून हरवलेल्या पाण्याचा नकाशा काढता येतो. अशा अडकलेल्यांतला सर्वांत पसरलेला मासा म्हणजे ठिपकेदार डेस, ‘ऱ्हिनिक्थिस ऑस्क्युलस’. नेवाडातल्या शेजारशेजारच्या दोन खोऱ्यांतल्या डेसना त्यांनी १९७२ मध्ये ‘ऑलिगोपोरस’ आणि ‘लेथोपोरस’ अशी नावे दिली. पहिल्याचा अर्थ ‘थोडी छिद्रे असलेला’, दुसऱ्यात ‘छिद्रे विसरलेला’ अशी छटा. वाहते पाणी जाणवून घेणारी पार्श्वरेखेवरची छिद्रे या माशांत कमी झालेली. वायोमिंगमधल्या केंडल गरम झऱ्याचा डेस १९३७ मध्येच ‘थर्मालिस’ झाला होता. त्याचे सगळे जग म्हणजे जेमतेम ३०० मीटरचा उबदार ओहोळ. तो ओहोळ धबधब्यावरून ग्रीन नदीत पडतो. खाली गेलेला मासा परत वर येत नाही.

मग प्रश्न आला की किती वेगळे म्हणजे पुरेसे वेगळे? हब्ज यांनी १९४३ मध्ये माशांच्या अनुभवावरून जाती-उपजातींच्या कसोट्यांवर लिहिले. १९४९ मध्ये पक्षीतज्ज्ञ डीन ॲमडॉन यांनी तेव्हा रूढ असलेला ‘पंचाहत्तर टक्क्यांचा नियम’ तपशिलात मांडला: एका गटातले निदान ७५ टक्के नमुने दुसऱ्या गटातल्या जवळजवळ सगळ्यांपासून वेगळे काढता आले तर उपजात मानावी. हा नियम मला आवडतो, कारण तो प्रामाणिक आहे. चारांतला एक मासा परीक्षेत नापास होणार हे त्यात गृहीत धरलेले आहे. ‘फोटो बघून उपजात सांगा’ असे कुणी म्हटले तर त्याचे उत्तर त्यातच आले.

१९५३ मध्ये कीटकतज्ज्ञ विल्यम ब्राउन आणि एडवर्ड विल्सन यांनी उपजातीच्या कल्पनेच्या मुळावरच घाव घातला. त्यांचा आक्षेप साधा होता: लक्षणे एकमेकांच्या बरोबरीने बदलत नाहीत. खवल्यांचा आकडा उत्तर-दक्षिण बदलेल, रंग पूर्व-पश्चिम आणि तोंडाची ठेवण तिसऱ्याच दिशेने. कुठले लक्षण धरता त्यावर उपजातींची सीमा ठरणार असेल तर सीमा माशाची नाही, तुमची आहे.

या आक्षेपाला सर्वांत बोलके उदाहरण दिले ते स्टिकलबॅक या इवल्या काटेरी माशाने. समुद्रातल्या स्टिकलबॅकच्या कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत हाडांच्या तिसाहून अधिक ढाली असतात, तर ओढ्यात स्थिरावलेल्यांना बहुधा पुढच्या मोजक्याच. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिये यांनी १८२९ मध्ये या दोघांना सरळ वेगळ्या जाती ठरवून ‘ट्रॅक्युरस’ आणि ‘लियुरस’ म्हटले. पुढे ती नावे उपजातींवर आणि मग नुसत्या ‘रूपां’वर घसरली. २००५ मध्ये उलगडा झाला की ढालींचा हा फरक मुख्यतः ‘एडा’ या एका जनुकामुळे पडतो. जगात ठिकठिकाणी समुद्रातून गोड्या पाण्यात शिरलेल्या स्टिकलबॅकमध्ये या जनुकाचे कमी ढालींचे रूप पुन्हापुन्हा वर आलेले आहे. म्हणजे कमी ढाली असलेले दोन ओढ्यांतले मासे एकमेकांचे जवळचे भाऊबंद असतीलच असे नाही. दोघेही आपापल्या किनाऱ्यावरच्या समुद्री माशांना जास्त जवळचे असू शकतात.

एवढ्यावर तिसरे नाव निवृत्त व्हायला हवे होते. पण तोवर त्याला कायद्याचे बळ मिळाले होते. अमेरिकेच्या १९७३ च्या संकटग्रस्त जाती कायद्याने ‘जाती’च्या व्याख्येतच उपजाती धरल्या. त्यामुळे एखाद्या झऱ्यातला मासा वेगळा म्हणायचा की नाही, यावर त्या झऱ्याचे पाणी कुणी उपसायचे हे ठरू लागले. टेकोपा पपफिशचे उदाहरण जिवाला लागते. कॅलिफोर्नियातल्या दोन उष्ण झऱ्यांच्या प्रवाहात राहणारी ही उपजात मिलर यांनी १९४८ मध्ये नोंदवली. स्नानगृहांसाठी झरे रुंद केले, त्यांचे प्रवाह एकत्र वळवले, पाण्याचा वेग आणि उष्णता वाढली आणि शेजारच्या अमारगोसा नदीतली दुसरी उपजात तिच्यात मिसळली. १९८२ मध्ये ती संरक्षित यादीतून ‘नामशेष’ म्हणून वगळली गेली. या कारणासाठी यादीतून गेलेला हा पहिला प्राणी. उलट ओरेगॉनच्या फॉस्केट झऱ्यातला डेस. १९८५ मध्ये त्याला संरक्षण मिळाले तेव्हा त्याला तिसरे नाव अधिकृतपणे कुणी दिलेलेही नव्हते. २०१९ मध्ये तो सावरला म्हणून यादीतून निघाला.

मोजणीत आणखी एक भोक होते, ते म्हणजे रंग. फॉर्मॅलिन १८९० च्या दशकात संग्रहालयांत आले. त्यात मासा टिकतो, पण त्याचे लाल, निळे, नारिंगी रंग उडून जातात आणि डीएनएही खराब होतो. डार्टर नावाचे खळाळात तळाशी बसणारे मासे घ्या. विणीच्या दिवसांत नर असा रंगतो की हातातला मासा गोड्या पाण्यातला आहे यावर विश्वास बसू नये. हाच नर बरणीत पिवळट-तपकिरी. पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासकांनी त्या बरणीतल्या माशाची वर्णने लिहिली. जिवंत नर ओढ्याकाठी, छोट्या काचपेटीत पाण्यासकट धरून, लगेच टिपायची पद्धत रुळली तेव्हा एका नावाखाली दडलेले बरेच काही बाहेर आले. २०१२ मध्ये ठिपकेदार डार्टरच्या गटातून पाच नव्या जाती वेगळ्या काढल्या गेल्या, त्यात नरांच्या रंगाचा मोठा वाटा होता. त्यांची नावे ओबामा, क्लिंटन, गोर, जिमी कार्टर आणि टेडी रूझवेल्ट यांच्यावरून ठेवली आहेत. या मंडळींना ओढ्यातला बोटभर मासा म्हणून अमर व्हावे लागेल असे वाटले नसावे.

युरोपात तर तिसरा शब्द जवळजवळ हद्दपारच झाला. २००५ मध्ये तिथल्या दगडाखाली राहणाऱ्या ‘कॉटस’ माशांतून एका दमात आठ नव्या जाती आल्या. २००७ मध्ये लिनियसच्या मिनोमधून फ्रान्स आणि ग्रीसमधल्या तीन वेगळ्या झाल्या, आणि नंतर संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांच्या डीएनएवरून त्या मिनोच्या आणखीही शाखा उलगडल्या. मला इथे थोडे थांबावेसे वाटते. तुटक पाण्यात अडकलेला प्रत्येक गट डीएनएत कुठे ना कुठे वेगळा निघणारच. वेगळेपण सापडले की जाती असे धरले तर प्रत्येक ओढ्याला एक जाती द्यावी लागेल. पूर्व अमेरिकेतल्या काळ्या नाकाच्या डेसचेच पाहा. पूर्वी एका जातीच्या मानल्या गेलेल्या उपजातींतून २००४ च्या अधिकृत नामसूचीने पूर्व आणि पश्चिम अशा दोन जाती केल्या. पुढच्याच वर्षी कॅनडातल्या नमुन्यांची बारीक मोजमापे छापून आली, आणि दोघींना शरीररचनेवरून खात्रीने वेगळे करता येईना.

उलट दिशेचा धक्काही बसला. टेनेसीतल्या लिटल टेनेसी नदीत १९७३ मध्ये सापडलेल्या स्नेल डार्टरपायी टेलिको धरणाचे काम अडले होते. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल या तीन इंची माशाच्या बाजूने दिला. पुढे अमेरिकी काँग्रेसने धरणाला कायद्यातून सूट दिली आणि ते झाले, पण माशाला इतर नद्यांत हलवले गेले आणि तो तगला. जानेवारी २०२५ मध्ये जनुके आणि शरीर दोन्ही तपासून केलेल्या अभ्यासाने म्हटले की तो वेगळी जाती नाहीच. १८८७ मध्येच नाव मिळालेल्या स्टारगेझिंग डार्टरचा तो पूर्वेकडचा गट आहे.

आणि ठिपकेदार डेस? २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या या माशांची, मुख्यतः जनुकांच्या आधारे, फेरमांडणी झाली. लॉस एंजेलिसच्या आसपासच्या ओढ्यांतला डेस ‘गॅब्रिएलिनो’ या नावाने स्वतंत्र जाती झाला. वाळवंटातल्या झऱ्यांत अडकलेल्यांसाठी मात्र लेखकांनी उपजातीच ठेवल्या, आणि लाँग व्हॅलीतल्या डेसला नवे तिसरे नाव दिले: ‘कॅल्डेरा’, तो राहतो त्या ज्वालामुखीच्या खळग्यावरून.