एर्हू: जाड कातडी म्हणजे चांगला आवाज नव्हे

एर्हू या दोन तारांच्या चिनी वाद्याबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: आवाज अजगराच्या कातडीतून येतो, म्हणून कातडी जितकी जाड तितकं वाद्य उत्तम. पहिला भाग ठीक, निष्कर्ष साफ चूक.

तारांचं कंपन घोडीतून, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या छोट्या तुकड्यातून, कातडीत उतरतं. कातडी फार जाड असेल तर ती सहज हलत नाही. आवाज कोंदट होतो, गज (तारांवर घासायची केसांची काठी) हलका फिरवला तर वाद्य उत्तरच देत नाही. कातडी सैल पडली की घोडी खाली दबते आणि आवाज बसतो. अति ताणली तर किरटा होतो. म्हणून जाडीबरोबर ताण पाहायचा. दमट हवेत तोही उतरतो.

बाकीचं काम कातडी ज्यावर ताणलेली असते त्या सहा किंवा आठ कोनी लाकडी डब्याचं, त्याच्या मागच्या कोरीव जाळीचं आणि घोडीचं. घोडीच्या खालच्या बाजूला, तारा आणि कातडी यांच्यामध्ये, नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) छोटी गादी खोचलेली असते. ती पॅकिंग समजून काढू नका! ती गेली की काही स्वर घुरघुरतात आणि आवाज खरखरीत होतो.

सारंगीप्रमाणे इथेही तार दांडीवर दाबायची नसते. बोट तारेवरच टेकतं. पाश्चात्त्य स्वरनावांत आतली तार डी, बाहेरची ए, मध्ये पंचमाचं अंतर. गजाचे केस या दोन तारांमधून जातात. बोटाचा दाब वाढला की स्वर चढतो, आणि नवशिके त्याचा दोष कातडीला देतात. आधी मोकळ्या तारा वाजवून पाहा: त्या स्वच्छ बोलत असतील तर कातडी बहुधा ठीक आहे.