सेट

सेट : इंग्रजीतून मराठीत आलेला, नाम आणि क्रियापद अशा दोन्ही अंगांनी वावरणारा शब्द. मराठवाड्याच्या बोलण्यात तो पंपसेट, तुषारचा सेट, सेट-नेट, केस सेट करणे, सेटिंग लावणे, ‘पोरगं पुण्याला सेट झालं’ अशा अनेक जागी रोज येतो. हे अर्थ वाचकास परिचित असल्याने येथे त्यांचा विस्तार केलेला नाही. शब्दाची व्युत्पत्ती आणि जोडशब्दांतील त्याचे लेखन हे दोन प्रश्न मात्र वाटतात तितके सरळ नाहीत.

व्युत्पत्ती : इंग्रजीत ‘सेट’ हा एक शब्द दिसत असला, तरी त्यात दोन वेगळे प्रवाह मिसळले आहेत. क्रियापद प्राचीन इंग्रजीतील ‘सेट्टन’ यापासून आले. ‘सिट’ म्हणजे बसणे याचे ते प्रयोजक रूप, म्हणजेच बसवणे. त्याचा मूळ धातू संस्कृत ‘सद्’ याचा सगोत्र होय. सदन, संसद, परिषद आणि उपनिषद ही त्याच कुळातील मंडळी; ‘नीड’ म्हणजे घरटे आणि इंग्रजी ‘नेस्ट’ यांचेही मूळ तेच. वस्तूवाचक ‘सेट’ही याच क्रियापदापासून आला असे मानले, तर मराठवाड्यातील शेतकरी ‘विहिरीवर सेट बसविला’ म्हणतो, तेव्हा तो नकळत एकच अर्थ दोनदा सांगत असतो.

समूहवाचक नामाबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार ते क्रियापदापासूनच घडले : एकत्र बसवलेल्या वस्तू म्हणजे सेट. दुसऱ्या मतानुसार ते प्राचीन फ्रेंचमार्गे लॅटिन ‘सेक्टा’ (अनुयायांचा गट, पंथ) या शब्दापासून आले आणि पुढे उच्चारसाम्यामुळे क्रियापदाशी जुळले. ‘सेक्टा’चा संबंध पूर्वी ‘कापणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूशी जोडला जाई. आता ‘अनुसरणे’ या अर्थाचा धातू अधिक ग्राह्य धरतात. तो संस्कृत ‘सच्’ याचा सगोत्र, ज्यापासून ‘सचिव’ आला. दोन मतांपैकी दुसरे अधिक सयुक्तिक दिसते, कारण एकत्र येणाऱ्या माणसांचा अर्थ नामात बराच जुना आहे. अर्थांचा मोठा पसारा या मिसळणीतूनही वाढला असावा. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत (१९८९) एकट्या ‘सेट’ क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ नोंदले आहेत, असा आकडा सर्वत्र दिला जातो. नंतरच्या सुधारित नोंदींत ‘रन’ या शब्दाने त्याला मागे टाकले. पोटअर्थ कुठवर वेगळे मोजायचे यावर असे आकडे अवलंबून असतात.

इंग्रजीने एकत्र केलेले हे दोन प्रवाह मराठी पर्यायांनी पुन्हा वेगळे केले. गटाच्या अर्थी ‘संच’ (सम् + चि, गोळा करणे) हा शब्द गणितात आणि प्रश्नपत्रिकांवर रूढ झाला. क्रियेच्या अर्थी मराठी अजूनही ‘बसणे’कडेच वळते : घडी बसणे, जम बसणे, बस्तान बसणे. पुण्याला सेट झालेल्या पोराबद्दल मागची पिढी ‘त्याचं बस्तान बसलं’ म्हणे.

मराठवाड्यात शब्दाचा प्रवेश : हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथील कारभार आधी फारसीत व नंतर उर्दूत चाले, त्यामुळे काही इंग्रजी शब्द उर्दूच्या वाटेने आले असावेत. उर्दू लिपीत ‘सेट’ आणि ‘सीट’ एकाच प्रकारे लिहितात. योगायोग असा, की व्युत्पत्तीनेही ती दोन्ही ‘बसणे’च्याच घरची. सामान्य बोलीतील प्रसार मात्र बहुधा पंपसेट, रेडिओसेट अशा वस्तूंबरोबर झाला.

संयोगचिन्ह (-) व शब्दतोड : मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांना देतात. त्यापूर्वीच्या पोथ्यांत आणि मोडी कागदांत ओळ संपली की शब्द कोणत्याही अक्षरावर सोडून पुढच्या ओळीत चालू करत. त्यासाठी चिन्हाची गरज कोणाला भासली नाही.

इंग्रजीत या शब्दाच्या जोडांवर संयोगचिन्हाचा पहारा असतो. ‘सेट अप’ दोन सुटे शब्द असतील तर क्रिया. चिन्हाने जोडले किंवा सलग लिहिले तर नाम. तेथेही चिन्ह मागे हटत आहे : ऑक्सफर्डच्या संक्षिप्त कोशाच्या २००७ च्या आवृत्तीतून सुमारे १६,००० संयोगचिन्हे वगळली गेली. मराठीला हा भेद लागत नाही, कारण क्रिया दाखवायला ‘करणे’, ‘होणे’ ही सहायक क्रियापदे आहेतच. म्हणून ‘सेटअप’, ‘सेट-अप’ आणि ‘सेट अप’ तिन्ही छापले जातात. बोलण्यात ‘सेटप’ ऐकू येते, ते संधीच्या जुन्या सवयीला धरूनच आहे.

मराठीत संयोगचिन्हाचे काम निराळे. ‘आई-बाप’मध्ये ते ‘आणि’ सांगते, ‘चार-पाच’मध्ये अंदाज. ‘सेट-नेट’मध्ये (राज्य आणि राष्ट्रीय पात्रता परीक्षा) बहुतेक वेळा ‘किंवा’ अभिप्रेत असते, कारण सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेस दोहोंपैकी एक परीक्षा पुरते. विद्यापीठाच्या आवारात मात्र ‘दोन्ही झाल्या’ असे सांगणारेही हाच जोडशब्द वापरतात.

ओळीच्या शेवटी शब्द तोडताना लिपीचा फरक उघड होतो. इंग्रजीत ‘सेटिंग’ दोन ‘ट’कारांच्या मधे तुटतो आणि ‘सेट’ शाबूत राहतो. देवनागरीत ‘टिं’ हे एकच अक्षर असल्याने ‘से-टिंग’ एवढीच तोड शक्य आहे, आणि मूळ शब्दच दुभंगतो. ‘ऑफसेट’मध्ये ‘फ’ पूर्ण लिहिल्याने ‘ऑफ-सेट’ अशी अर्थाला धरून तोड मिळते. ‘ऑफ्सेट’ लिहिले, तर जोडाक्षरामुळे ती वाट बंद होते. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांना हा विचार रोज करावा लागे. ऑफसेट म्हणजे रबरी पृष्ठभागावरून कागदावर छपाई करण्याचे तंत्र; ते विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत आयरा रुबेल यांच्या हातून पुढे आले. त्या तंत्राचे नाव आता छापखान्याचेच नाव झाले आहे : अंबाजोगाई, उदगीर, गंगाखेड अशा गावांत लग्नपत्रिका ‘ऑफसेटवर’ टाकतात. उलट क्रमाचा ‘सेट-ऑफ’ म्हणजे ओल्या शाईचा वरच्या कागदाच्या पाठीवर उठलेला डाग. हिशेबात मात्र त्याच शब्दाचा अर्थ वजावट.