यॉटवरच्या वॉटरमेकरची पार्श्वभूमी: मेम्ब्रेन जुनंच, बदलत गेला तो पंप

छोट्या शिडाच्या नौकेवर समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र बसवायचं ठरलं की चर्चा हमखास मेम्ब्रेनपासून, म्हणजे मीठ अडवून पाणी जाऊ देणाऱ्या पडद्यापासून, सुरू होते. कोणतं मेम्ब्रेन, किती टक्के मीठ अडवतं, किती वर्षं टिकतं. माझ्या मते सुरुवात पंपापासून करायला हवी. आज बाजारात मिळणाऱ्या जवळपास सगळ्या वॉटरमेकरमधलं मेम्ब्रेन एकाच घराण्यातलं आहे आणि त्याची रचना १९७०च्या दशकाच्या अखेरीसच ठरून गेली. त्यानंतर चढाओढ चालली ती पंपात आणि विजेत. हा इतिहास माहीत असला की यंत्र निवडणं सोपं होतं. देखभालीच्या पुस्तिकेतले नियमही कुठून आले ते कळतं.

समुद्राच्या पाण्याची वाफ थंड केली की गोडं पाणी मिळतं, हे अ‍ॅरिस्टॉटललाही ठाऊक होतं. अडचण होती ती जहाजावर एवढं सरपण आणायचं कुठून याची. अठराव्या शतकात ब्रिटिश नौदलाने हा विषय मनावर घेतला. चार्ल्स आयर्विंगने जहाजाच्या स्वयंपाकघरातल्या चुलीवरच चालणारं ऊर्ध्वपातनाचं साधन केलं, आणि १७७२मध्ये जेम्स कुक दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा ते त्याच्याबरोबर होतं. तरीही जानेवारी १७७३मध्ये दक्षिणेच्या थंड समुद्रात कुकने हिमनगांचे तुकडे जहाजावर ओढून घेतले आणि ते वितळवून टाक्या भरल्या. त्याला तेच परवडलं.

१७९१मध्ये अमेरिकेत जेकब आयझॅक्स नावाच्या गृहस्थाने दावा केला की आपलं खास मिश्रण घातलं की खाऱ्या पाण्यातून जास्त गोडं पाणी निघतं. तेव्हा परराष्ट्रमंत्री असलेल्या थॉमस जेफरसनने समोर बसून चाचण्या घेतल्या आणि निष्कर्ष दिला की मिश्रणाने काहीही फरक पडत नाही, साधं ऊर्ध्वपातनच पुरेसं आहे. पुढे त्याने सुचवलं की ऊर्ध्वपातनाची कृती जहाजांच्या परवान्यामागे छापून द्यावी, म्हणजे आणीबाणीत कुणालाही करता येईल. यंत्राच्या जाहिराती वाचताना मला हा अहवाल नेहमी आठवतो.

वाफेची जहाजं आली आणि गणित पालटलं. बॉयलरलाच गोडं पाणी लागत असल्याने बाष्पक यंत्रं जहाजाचा भाग झाली. आजही मोठ्या मालवाहू जहाजांवर मुख्य इंजिनाच्या ८० अंशांच्या आसपास तापलेल्या शीतक पाण्याची उष्णता वापरून, हवा काढलेल्या भांड्यात ४०-५० अंशांवरच समुद्राचं पाणी उकळवतात. तिथे इंजिन दिवसरात्र चालू असतं, म्हणून ही उष्णता फुकट मिळते. शिडाच्या नौकेचं इंजिन बहुतेक वेळ बंदच असतं, त्यामुळे ही सोय यॉटच्या फारशी कामी आली नाही. यॉटवाल्यांसाठी पाणी म्हणजे टाकीतलं, पिंपातलं, नाहीतर शिडावर धरलेलं पावसाचं.

संकटासाठी मात्र एक साधन होतं. दुसऱ्या महायुद्धात मारिया टेल्केस यांनी फुगवून पाण्यावर तरंगत ठेवायची सौरभट्टी, म्हणजे उन्हाने समुद्राच्या पाण्याची वाफ करून ती थंड करणारं साधन, विकसित केलं. १९८२मध्ये अटलांटिकमध्ये नौका बुडाल्यावर स्टीव्हन कॅलाहान तराफ्यावर ७६ दिवस जगला तो अशाच सौरभट्ट्यांच्या जोरावर. त्या सतत बिघडायच्या, तो त्या सतत दुरुस्त करायचा, आणि हाती येणारं पाणी जेमतेम जीव टिकवण्याइतकं.

दुसरा रस्ता, परासरणाचा, १७४८पासून माहीत होता. फ्रान्समध्ये जाँ-आंत्वान नोले यांनी मद्यार्काने भरलेल्या भांड्याचं तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या पडद्याने बांधलं आणि ते पाण्यात बुडवलं. पाणी आत शिरत गेलं आणि पडदा फुगला. पाणी आपण होऊन सौम्य बाजूकडून तीव्र बाजूकडे जातं. त्याला उलट जायला लावायचं तर दाब द्यावा लागतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि नुसतं या ओढीच्या बरोबरीला यायलाच २७ बारच्या (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेइतका दाब) आसपास दाब लागतो. उपयोगी पडेल इतकं पाणी मिळवायला साधारण ५५ बार लागतात. घरगुती आरओ मोजक्या काही बारवर चालतो, कारण त्याच्यासमोर नळाचं किंवा मचूळ पाणी असतं. तत्त्व एकच असलं तरी पंप, नळ्या आणि धातू यांची जात पूर्णपणे वेगळी.

१९५०च्या दशकात फ्लोरिडा विद्यापीठात चार्ल्स रीड यांनी दाखवून दिलं की सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पातळ पापुद्रा मीठ अडवतो. पण पाणी इतकं हळू झिरपायचं की व्यवहारात त्याचा उपयोग नव्हता. कोंडी फोडली ती लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी, १९६०च्या सुमारास. त्यांच्या लक्षात आलं की पापुद्रा एका बाजूने ठेवला तर मीठ अडतं आणि उलटा ठेवला तर अडत नाही. म्हणजे दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या. एका अंगाला अतिशय पातळ, घट्ट साय आणि खाली सगळा सच्छिद्र थर. मग त्यांनी अशी साय मुद्दाम तयार करायची रीत बसवली: द्रावण काचेवर पसरायचं, थोडा वेळ वरचा द्रव उडू द्यायचा, बर्फाच्या पाण्यात बुडवायचं आणि शेवटी गरम पाण्यात शेकायचं. पाणी कितीतरी पटींनी वेगाने येऊ लागलं. १९६५मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा गावात या मेम्ब्रेनवर मचूळ पाण्याचं पहिलं सार्वजनिक संयंत्र चालू झालं.

सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे दोष होते. आम्लता थोडी बदलली की त्याचं विघटन होई आणि जिवाणू ते चक्क खात. जॉन कॅडॉट यांनी १९७०च्या दशकात पॉलिसल्फोन या प्लास्टिकच्या सच्छिद्र आधारावर पॉलिअमाइड या दुसऱ्या प्लास्टिकची अत्यंत पातळ साय जमवली. तिचं पेटंट १९८१चं. मीठ अडवण्यात ती इतकी सरस ठरली की समुद्राचं पाणी एकाच फेरीत पिण्याजोगं होऊ लागलं. आजच्या यॉटवर हेच मेम्ब्रेन आहे. पण या सौद्यात एक गोष्ट गमावली. जुनं मेम्ब्रेन थोडं क्लोरिन सोसायचं, पॉलिअमाइड अजिबात सोसत नाही. गोड्या पाण्याने मेम्ब्रेन धुताना वाटेत कार्बन फिल्टर हवाच, हा नियम इथून आला. धक्क्यावरून टाकीत भरलेल्या पाण्यात क्लोरिन असतं. कार्बन फिल्टर जुना झाला की ते थेट मेम्ब्रेनवर जातं, आणि झालेलं नुकसान भरून निघत नाही. पाण्याची चव खारट लागू लागली तर बहुतेकजण पंपाकडे बोट दाखवतात. मी आधी हा फिल्टर कधी बदलला ते विचारेन.

आता पंप. छोट्या यंत्रात दहा लिटर समुद्राचं पाणी दाबलं की साधारण एक लिटर गोडं मिळतं, उरलेले नऊ लिटर परत समुद्रात जातात. दहा लिटर पाणी ५५ बारपर्यंत दाबायचं म्हणजे गोड्या पाण्याच्या लिटरमागे नुसत्या हिशेबानेच १५ वॅट-तास, आणि मोटर-पंपात वाया जाणारी ऊर्जा धरली की २०च्या वर. दिवसाला ६० लिटर हवं असेल तर १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची अख्खी बॅटरी त्यातच संपते. शिवाय शिशाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवू नये असं म्हणतात. म्हणून सुरुवातीची यंत्रं इंजिनाच्या पट्ट्यावर किंवा जनरेटरवर चालत आणि ती मोठ्या नौकांनाच झेपत.

खरी चोरी होत होती ती त्या नऊ लिटरांत. ते बाहेर पडताना दाब घेऊनच पडत. १९८०च्या दशकातल्या हातपंपांनी हा दाब पकडला. परत जाणारं खारं पाणी दट्ट्याच्या मागच्या बाजूवर सोडलं की ते पुढच्या ढकलण्याला मदत करतं. त्यामुळे माणसाच्या हाताने तासाला साडेचार लिटरच्या आसपास पाणी निघू लागलं. १९८९मध्ये देवमाशांनी नौका बुडवल्यावर विल्यम आणि सिमोन बटलर हे दांपत्य पॅसिफिकमध्ये तराफ्यावर ६६ दिवस राहिलं. त्यांच्याजवळ असा हातपंप होता. कॅलाहानच्या वाट्याला आलेली तहान त्यांना आली नाही, हा सात वर्षांतला फरक मला फार मोठा वाटतो.

त्याच कल्पनेचं पुढचं रूप म्हणजे अमेरिकेतल्या स्पेक्ट्रा कंपनीचा क्लार्क पंप. समोरासमोर दोन सिलिंडर, त्यांतले दट्टे एकाच दांड्याने जोडलेले. साधा विजेचा पंप फक्त सातेक बारने पाणी आत देतो. परतणारं खारं पाणी दट्ट्याला मागून रेटतं आणि मेम्ब्रेनसमोर पूर्ण दाब तयार होतो. दांडा जेवढी जागा व्यापतो तेवढंच पाणी मेम्ब्रेनमधून पार व्हावं लागतं, म्हणजे गोड्या पाण्याचं प्रमाण दांड्याच्या जाडीनेच ठरतं. लिटरमागे खर्च चार-पाच वॅट-तासांवर आला आणि छोटी यॉट सौर पॅनेलवर पाणी करू लागली.

लिथियम बॅटऱ्या स्वस्त झाल्यापासून पारडं पुन्हा हललं आहे. वीज मुबलक असेल तर दाब परत न मिळवणारा, साधा तीन दट्ट्यांचा पंप आणि मोटर ही जोडीही चालते. तासाला ६० लिटर मिळतात, आणि सील व झडपा स्वतः बदलता येतात. ऊर्जा वाचवणारे पंप नाजूक जुळणीचे असतात आणि त्यांची दुरुस्ती बहुधा कारखान्यातच होते. वीज मोजून वापरावी लागत असेल तर मी अजूनही ऊर्जा वाचवणाराच पंप घेईन. बॅटऱ्या मोठ्या असतील आणि प्रवास दूरचा असेल तर साधा.

पंप कोणताही घेतला तरी मेम्ब्रेनची काळजी सारखीच. बंद यंत्रात अडकलेल्या समुद्राच्या पाण्यातले सूक्ष्मजीव मरतात, सडतात, आणि पुढच्या वेळी कुजक्या अंड्याचा वास येतो. म्हणून वापरून झाल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं, आणि यंत्र वापरात नसेल तर आठवड्याच्या आत पुन्हा. महिनोन्महिने बंद ठेवायचं असेल तर सोडियम मेटाबायसल्फाइट हे जंतूंना वाढू न देणारं रसायन किंवा उत्पादकाने सांगितलेलं द्रावण भरून ठेवायचं. मेम्ब्रेन कोरडं पडू द्यायचं नाही. बंदरातल्या तेलकट पाण्यात यंत्र लावायचंच नाही, कारण २० आणि ५ मायक्रॉनचे फिल्टर गाळ अडवतात, तेलाचा तवंग अडवतीलच असं नाही.

थंड समुद्रात पाणी कमी आलं तर लगेच बिघाड समजू नये. मेम्ब्रेनची क्षमता २५ अंशांना मोजलेली असते, आणि त्याच दाबाला १० अंशांच्या पाण्यात उत्पादन तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटतं. यंत्र घेताना मेम्ब्रेनबद्दल विचारायचाच तर एक प्रश्न विचारावा: आतलं मेम्ब्रेन अडीच इंच व्यासाचं आणि प्रमाण लांबीचं आहे का? तसं असेल तर कोणत्याही उत्पादकाचं बसतं.