वाफेचं इंजिन आणि उत्पादकांच्या हद्दीतले आकडे : पार्श्वभूमी

डीसीसीवर, म्हणजे मॉडेल रेल्वे चालवायच्या डिजिटल पद्धतीवर, वाफेचं इंजिन वाफेच्या इंजिनासारखं चालवायचं, तर सीव्हीच्या आकड्यांत हात घालावाच लागतो. इंजिनाच्या पोटात डिकोडर नावाचं छोटं सर्किट असतं आणि त्याचं वागणं ठरवणारे आकडे ज्या क्रमांकांच्या कप्प्यांत ठेवतात, ते सीव्ही. एका कंपनीच्या डिकोडरवर जमवलेले आकडे दुसऱ्या कंपनीच्या डिकोडरवर मात्र अर्धेच लागू पडतात. वेग वाढणं, थांबणं, पत्ता (म्हणजे इंजिनाचा ओळख क्रमांक) हे सगळं जुळतं. झुकझुक, शिट्टी, चढावरचा दम हे जुळत नाही. असं का, याचं उत्तर नव्वदीतल्या एका निर्णयात सापडतं.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. एकाच रुळावर दोन इंजिनं स्वतंत्रपणे चालवायची धडपड जुनी आहे. साठच्या दशकात अमेरिकेत पाच वाहिन्यांची एक प्रणाली बाजारात आली आणि गेली. १९७९ मध्ये ब्रिटनमधल्या एका खेळणी कंपनीने सोळा इंजिनांपर्यंतची डिजिटल प्रणाली आणली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर जर्मनीतही डिजिटल प्रणाली आल्या. यातल्या कोणाचंच कोणाशी जमत नव्हतं. मग अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेने एका जर्मन निर्मात्याची पद्धत पायाभूत मानली आणि नव्वदीच्या पहिल्या अर्ध्यात तिचं प्रमाण ठरवलं. रुळांतल्या विजेची दिशा उलटसुलट करायची. अर्धी लहर ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर एक, १०० किंवा जास्त असेल तर शून्य. इथवर कोणाची तक्रार नाही.

तक्रार सीव्हींच्या वाटपाबद्दल आहे. मोटरशी थेट संबंध असलेले क्रमांक सगळ्यांना समान ठेवले: २ वर सुरुवातीचा विजेचा दाब, ३ वर वेग घेणं, ४ वर वेग सोडणं, ५ आणि ६ वर कमाल व मधला वेग, ६७ ते ९४ वर वेगाचा तक्ता. ४७ ते ६४ आणि ११२ ते २५६ हे दोन मोठे पट्टे मात्र उत्पादकांना आंदण दिले. तिथे ज्याने त्याने हवं ते ठेवावं. वाफेचं इंजिन ज्यामुळे वाफेचं वाटतं, ते जवळजवळ सगळं पुढे या पट्ट्यांत जाऊन बसलं.

निर्णय घेणाऱ्यांच्या बाजूने बोलायचं, तर त्या काळी आवाज ही डिकोडरची बाब नव्हती. तो बाहेरच्या पेटीत तयार व्हायचा आणि रुळांवाटे टेंडरमधल्या (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यातल्या) स्पीकरपर्यंत पोचायचा. चाकाच्या आसावर बसवलेला कॅम प्रत्येक भसक्याची, म्हणजे झुकझुकीतल्या एकेका ठोक्याची, वेळ कळवायचा. समोर फक्त मोटर होती, म्हणून मोटरचंच प्रमाण झालं. शिवाय आवाजाचे क्रमांक तेव्हाच गोठवले असते, तर पुढे भार ओळखून आवाज बदलणारे डिकोडर त्या चौकटीत बसले नसते, हाही युक्तिवाद ऐकू येतो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. चाकाच्या एका फेऱ्याला किती भसके, ही गोष्ट १९९३ मध्येही ठाऊक होती आणि १८९३ मध्येही. दोन सिलिंडरच्या इंजिनाला चार, तीन सिलिंडरच्याला सर्वसाधारणपणे सहा. एवढ्यासाठी एक सामाईक क्रमांक राखून ठेवायला भविष्य दिसण्याची गरज नव्हती. आज एका जर्मन डिकोडरमध्ये हे जुळवायला ५७ आणि ५८ आहेत. दुसऱ्या कंपनीकडे तेच काम शंभराच्या पुढच्या भलत्याच क्रमांकावर आणि भलत्याच हिशोबाने होतं. डिझेलवाल्यांना याची झळ कमी बसली. डिझेलचा आवाज टप्प्याटप्प्याने चढतो, चाकाशी बांधलेला नसतो.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. डब्ल्यूपी या आपल्या ब्रॉडगेजवरच्या प्रवासी गाड्यांच्या वाफेच्या इंजिनाच्या चालक चाकाचा व्यास १७०२ मिलिमीटर, म्हणजे परीघ सुमारे ५.३५ मीटर. ताशी १० किलोमीटरला सेकंदाला दोन भसके, ६० ला साडेबारा, १०० ला जवळपास एकवीस. एकवीस कोणी मोजत नाही, पण फलाटावरून निघतानाचे दोन चुकले की लगेच कळतं. १:८७ च्या प्रमाणातल्या मॉडेलमध्ये दर सुमारे १५.४ मिलिमीटरला एक भसका यायला हवा. डब्ल्यूजी या मालगाडीच्या इंजिनाचं चाक १५६२ मिलिमीटरचं, त्यामुळे तिची झुकझुक त्याच वेगाला थोडी घाईची. 

सामाईक क्रमांकही वाटतात तितके सरळ नाहीत. सीव्ही ३ मधला आकडा ०.८९६ ने गुणला की थांबलेल्या इंजिनाला पूर्ण वेग गाठायला लागणारे सेकंद मिळतात. ४० घातले तर सुमारे ३६ सेकंद. जड गाडीला हे कमीच, पण घरातल्या लेआउटवर (मॉडेलच्या रुळांच्या मांडणीवर) तेवढ्यात गाडी फेरी पुरी करून येते. म्हणून ४ मध्ये मोठा आकडा ठेवून ब्रेकसाठी वेगळी कळ देणारे डिकोडर नंतर आले. रेग्युलेटर (वाफ सोडणारी झडप) बंद केला तरी गाडी घरंगळत राहते, थांबवायची ती ब्रेकने. खऱ्या ड्रायव्हरचं काम असंच असे. ही ब्रेकची कळ जुळवणारे सीव्हीही अर्थात कंपनीगणिक वेगळे.

मोटरचा पुरवठा क्षणभर तोडून तिने उलट निर्माण केलेला विजेचा दाब मोजायची आणि त्यावरून वेग कायम राखायची युक्ती आली आणि इंजिनं गोगलगायीच्या वेगाने सरकू लागली. याची दुसरी बाजू घाटात दिसते. बोरघाटाचा १:३७ चा चढ कोणी लेआउटवर बांधला, तर अशी मोजणी करणारा डिकोडर चढावरही वेग तसूभर कमी होऊ देत नाही. वाफेचं इंजिन असं कधीच चढलं नाही. त्यामुळे काहीजण या नियंत्रणाची पकड मुद्दाम ढिली करतात. काहीजण वेग तसाच ठेवून भार वाढल्यावर भसका जाड होईल असं जुळवतात. मला दुसरा मार्ग जास्त पटतो. घाटातली वाफ ऐकलेलं माणूस मात्र आता भेटणं कठीण. तिथे १९२९-३० मध्येच वीज आली आणि दख्खनची राणी पहिल्या दिवसापासून विजेवर धावली. पुणेकरांच्या कानात उरलेली वाफ बहुतेक दौंडच्या बाजूची.

हे सगळे आकडे घरी जुळवायचे ते प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे सीव्ही लिहिण्या-वाचण्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या रुळाच्या तुकड्यावर. डिकोडर किमान ६० मिलिअँपिअरचा, सहा मिलिसेकंदांचा झटका देऊन ‘पोचलं’ असं कळवतो. धुळीने रूळ काळे पडले की तो झटका हरवतो. गाडी धक्के खाऊ नये म्हणून पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, आणलेले मोठे कपॅसिटर (विजेचा थोडा साठा धरणारे भाग) लावले, तर तेही ही पोच गिळू शकतात. म्हणून असे कपॅसिटर सीव्ही वाचण्यापुरते सोडवता येतील अशी तजवीज बरेचजण ठेवतात.

उत्पादकांच्या हद्दीतला गुंता पुढे स्वयंसेवकांनी निस्तरला. त्यांनी बनवलेली मोफत संगणक प्रणाली सीव्ही ८ मधून कंपनी ओळखते आणि त्या डिकोडरचं पान उघडते. क्रमांक पाठ असण्याची गरज उरत नाही. प्रमाणात जे राहून गेलं, ते असं बाहेरून भरून निघालं.

तयार आवाजांच्या याद्यांत अमेरिकी, जर्मन आणि ब्रिटिश इंजिनांचीच गर्दी असते. डब्ल्यूपीची पहिली सोळा इंजिनं १९४७ मध्ये अमेरिकेतच बनली होती, त्यामुळे तिकडच्या हलक्या पॅसिफिकची (४-६-२ चाकरचनेच्या इंजिनाची) झुकझुक तिला शोभून जाते. शिट्टी शोभत नाही. ज्या डिकोडरांत स्वतःचं ध्वनिमुद्रण भरता येतं, त्यांत जुनी फीत वापरून हा प्रश्न सुटतो. बाकीच्यांत कारखान्याने दिलेल्या शिट्ट्यांपैकी सर्वांत जवळची निवडायची. आणि ती निवडणारा सीव्ही कुठला, हे पुन्हा त्या कंपनीच्या पुस्तिकेतच पाहायचं.