परदेशातल्या पोराचा पैसा गावच्या मंडळाला चालतो का?

तितूर-गिरणेला पूर आला की चाळीसगावकडे हमखास ऐकू येतं: परदेशातल्या पोरांचा पैसा गावच्या मंडळाला घेताच येत नाही. हे अर्धवट आहे. 2010 चा परदेशी देणगी कायदा माणूस राहतो कुठे हे बघत नाही, नागरिकत्व बघतो. दुबईत नोकरी करणाऱ्या, भारतीय पासपोर्टवाल्या मुलाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. अमेरिकन नागरिक झालेल्याची मात्र ठरते, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) कार्ड असलं तरी. तिथे संस्थेला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, खातंही दिल्लीच्या स्टेट बँकेत. शिवाय 2020 पासून ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही (गोची बहुतेक इथेच होते).

बाकी पूरग्रस्तांना मदत वाटण्याआधी कलेक्टर कचेरीत सांगा. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने स्थानिक संस्थांना सोबत घेणं हे जिल्हा आपत्ती प्राधिकरणाचंच काम आहे.