संकटातली शांती आणि १६८७ चा निर्णय : पार्श्वभूमी

आजारपण, मृत्यू, कर्ज अशा काळात ख्रिस्ती माणसाला ‘देवावर भार टाका’ असं सांगितलं जातं. भार टाकायचा म्हणजे देवाकडे मागायचं की त्याच्यापुढे गप्प बसायचं, यावर सतराव्या शतकात रोममध्ये मोठा वाद झाला. आजच्या मौन प्रार्थनेमागे तो वाद उभा आहे.

१६७५ मध्ये रोममध्ये राहणाऱ्या एका स्पॅनिश धर्मगुरूने अंतर्मुख प्रार्थनेवर मार्गदर्शिका छापली. मन शांत करून देवासमोर नुसतं असावं, हा तिचा गाभा. ती झपाट्याने पसरली. १६८५ मध्ये त्याला अटक झाली, १६८७ मध्ये पोपच्या आज्ञापत्राने त्याची म्हणून ६८ विधानं निषिद्ध ठरवली आणि १६९६ मध्ये तो कैदेतच वारला. त्यांतलं चौदावं विधान असं, की देवाच्या इच्छेला शरण गेलेल्याने देवाकडे काही मागणं योग्य नाही.

एवढ्यापुरता निर्णय रास्तच होता. बायबलमधल्या, पौलाने तुरुंगातून लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्रात (४:६-७) चिंता करू नका म्हणताना आधी आपली मागणी देवाला कळवायला सांगितलं आहे. शांतीचं आश्वासन त्यानंतर येतं. स्तोत्र १३ पाहा. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ असा चारदा आक्रोश, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, आणि तरीही ती प्रार्थनाच आहे. दुःख बोलून न दाखवता शांत व्हा, असं सांगणाऱ्याला शास्त्राचा आधार नाही.

पण या निर्णयाची किंमत भाविकांनी मोजली. १६९९ मध्ये एका फ्रेंच आर्चबिशपच्या पुस्तकातली २३ विधानंही निषिद्ध ठरली आणि संशय मौनावरच येऊन बसला. सामान्य भाविकाला मौन प्रार्थना शिकवायला धर्मगुरू कचरू लागले. त्याच्या वाट्याला पाठ प्रार्थना आणि मुद्देवार मनन, म्हणजे एखादा विषय मुद्द्यामुद्द्याने मनात घोळवणं, एवढंच राहिलं. घरात नुकतंच माणूस गेलेल्याला मुद्दे धरून मनन जमत नाही. नेमकं त्याच्याच हातचं साधन गेलं.

ते परत आलं १९७० च्या दशकात. मॅसॅच्युसेट्समधल्या एका मठातल्या तिघा मठवासींनी चौदाव्या शतकातल्या एका निनावी इंग्रजी ग्रंथाच्या आधारे साधी पद्धत बसवली. ‘येशू’, ‘पिता’ असा एक छोटा शब्द निवडायचा, पाठ ताठ ठेवून डोळे मिटायचे, विचारात गुंतल्याचं लक्षात आलं की हलकेच त्या शब्दाकडे वळायचं. वेळ २० मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि शेवटी दोनेक मिनिटं तसंच बसून राहायचं. १९८९ मध्ये रोमहून बिशपांना पत्र गेलं : ध्यानातून येणारा शरीराचा निवांतपणा म्हणजे पवित्र आत्म्याने दिलेलं सांत्वन असं समजू नका. पत्राचा सूर गरजेपेक्षा कडक वाटतो, पण ही सूचना लाख मोलाची आहे.

कारण चूक होते ती इथेच. शब्द जपासारखा घोकला जातो, किंवा विचार हाकलण्याची झटापट सुरू होते आणि उठताना माणूस अधिकच थकलेला असतो. विचार येणारच, त्यांना धरून ठेवायचं नाही, एवढंच. दुसरी चूक म्हणजे ताज्या दुःखात थेट मौनाला बसणं. दाबलेलं रडू आणि राग तिथेच उसळतो. आधी स्तोत्र १३ मोठ्याने वाचावं, ‘कोठवर’पाशी थांबून आपली तक्रार स्वतःच्या शब्दांत सांगावी, मग गप्प बसावं. सुरुवातीला पाच मिनिटंही पुरतात.

मन कोरडं पडलं की प्रार्थना आवरती घेण्याचा मोह होतो. सोळाव्या शतकातल्या साधना-नियमांत यावर उपाय आहे : अशा वेळी ठरल्यापेक्षा थोडं जास्तच बसावं, आणि मन स्थिर असताना घेतलेला कोणताही निर्णय त्या काळात बदलू नये.