फोंतेन्हासला जायचं म्हणजे नेमकं कुठं?

पणजीच्या कदंब बसस्टँडवर उतरून कुणी पायलटला, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याला, "लॅटिन क्वार्टर" म्हणून सांगितलं की तो बरोबर सेबॅस्तियांव चॅपेलच्या जवळपास नेऊन सोडतो, मग तिथं फोटो काढून माणसं परत फिरतात आणि आपण फोंतेन्हास, पणजीतली ही जुनी वस्ती, बघितलं असं समजतात. चूक त्यांची नाही. नाव आणि जागा यांचा गुंता जुना आहे, म्हणून थोडं मागे जाऊन लिहितोय.

खूप जुनं काही सांगत नाही. अठराव्या शतकापर्यंत इथं खाडीकाठचा दलदलीचा भाग आणि माडांची बाग होती, ती आफ्रिकेत पैसा कमावून आलेल्या एका माणसाची असं सांगतात. 1759 मध्ये व्हाईसरॉय जुन्या गोव्यातून पणजीत राहायला आला, 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. या दरम्यान भराव टाकून जमीन तयार झाली आणि आल्तिनो टेकडीच्या उतारापासून खाडीपर्यंत घरं दाटीनं उभी राहिली. रायबंदरचा कॉजवे त्याच्या कितीतरी आधीचा, 1633-34 चा, म्हणजे वाट आधी आली आणि वस्ती मागून.

आता नावाचं. फोंतेन्हास म्हणजे पोर्तुगीजमध्ये लहान लहान झरे. आल्तिनोच्या पायथ्याला झरे होते, ओपाच्या पाणी प्रकल्पाचं नळाचं पाणी येण्याआधी पणजी त्यांच्यावरच जगत होती. त्यातला जो सगळ्यात महत्त्वाचा, फोंत फेनिक्स, तो कुठं आहे? शेजारच्या मळा नावाच्या वस्तीत! म्हणजे ज्या झऱ्यामुळे नाव पडलं तो मळ्यात आणि नाव मात्र चॅपेलच्या दोन गल्ल्यांना चिकटलं. मळ्यातल्या माणसाला कुठं राहतोस विचारलं तर तो मळा म्हणतो, पलीकडचा फोंतेन्हास म्हणतो आणि पोस्टाच्या बाजूला गेलं की सां तोमे सुरू होतं. चालायला लागलं तर सगळं मिळून अर्धा तास लागत नाही, पण प्रत्येक तुकड्याची बोली, देव, सण, शेजार वेगळा. मराठी पेपरांत तर फोंतेन्हास, फोंताइनास, फोंतेनास असं प्रत्येकजण आपल्या कानाप्रमाणे लिहितो, ते चालतंय.

न पटणारा शब्द आहे "लॅटिन क्वार्टर". हा पॅरिसमधून आणलेला. तिथं विद्यापीठाची मुलं आणि मास्तर लॅटिनमध्ये बोलायचे म्हणून त्या भागाला ते नाव पडलं, तो इतिहास त्यांचा खरा आहे. आमच्याकडे घरात पोर्तुगीज किंवा कोंकणी, मळ्यात कोंकणी आणि मराठी, लॅटिन फार तर चर्चमधल्या मिसेला. टुरिझमच्या माहितीपत्रकांतून हा शब्द रुजला, आता हॉटेलांच्या पाट्यांवर, मॅपवर, रिक्षावाल्याच्या तोंडातसुद्धा तोच. एवढ्यावर भागलं असतं तर हरकत नव्हती, पण या शब्दाबरोबर सीमासुद्धा आखली गेली. युरोपसारखं दिसतं तेवढं क्वार्टरमध्ये आणि मारुतीचं देऊळ, मळ्याची जत्रा, झरा, ही सगळी बाहेर. जत्रेच्या दिवसांत मळ्याचा रस्ता स्टॉल आणि माणसांनी भरून जातो, पावलं टाकायला जागा नसते, त्याच वेळी दोनशे पावलांवर टुरिस्ट निळी भिंत शोधत फिरत असतात आणि त्यांना पत्ताच नसतो. मला हे फार लागतं.

अशा आणखी दोन गोष्टी गाईडच्या तोंडी ऐकायला मिळतात. एक, हा भाग युनेस्कोच्या यादीत आहे. नाही. 1986 मध्ये जागतिक वारसा म्हणून यादीत आली ती जुन्या गोव्यातली चर्चेस आणि कॉन्व्हेंट्स. दुसरं, इथल्या 31 जानेवारी रस्त्याचं नाव 1640 मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून सुटला त्यावरून. ती तारीख 1 डिसेंबर. पोर्तुगालमध्ये या नावाचे रस्ते 1891 मध्ये पोर्तू शहरात झालेल्या प्रजासत्ताकवाद्यांच्या उठावाची आठवण म्हणून आहेत. चॅपेलमधल्या क्रूसाची गोष्ट मात्र जरूर ऐका, तो इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला, 1812 मध्ये इन्क्विझिशन बंद झाल्यावर आदिलशाही राजवाड्यात आणि 1918 मध्ये इथं आला.

आमच्या वेळेपासूनचं सांगायचं तर 5 जुलै 1986. मांडवीचा पूल कोसळला आणि म्हापशाकडची माणसं बेतीला उतरून फेरीनं पणजीत यायला लागली. तेव्हा इकडं फिरायला कोण येत होतं, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न, तावेर्नात (दारूच्या छोट्या दुकानात) बसलेले म्हातारे आणि दुपारी बंद दारं. 1992 मध्ये नवा पूल सुरू झाला, 2019 मध्ये अटल सेतू आला. पाट्टोवर गाड्या ओतल्या जायला लागल्या आणि पाट्टो म्हणजे खाडीच्या पलीकडचाच काठ, त्यामुळे सगळा भार या गल्ल्यांवर. मग मोबाईल कॅमेरे, प्री-वेडिंग शूट, लोकांच्या पायऱ्यांवर बसून फोटो, घरात म्हातारी माणसं आजारी असली तरी खिडकीखाली आरडाओरडा, म्हणून रहिवाशांनी दारांवर फोटो काढू नका असे बोर्ड लावले. काहीजण त्यांना उर्मट म्हणतात, मला तसं वाटत नाही, घर हे घर असतं.

त्यानंतर स्मार्ट सिटीची खोदाई. मलनिस्सारणाची पाइपलाइन घालायला रस्ते उकरले, मुलांना शाळेत पोचवायचं म्हणजे रोज नवी वाट शोधायची. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की मळ्यात पाणी भरतं, ते दुखणं खोदाईच्या फार आधीचं.

तेव्हा गाडी पाट्टोला ठेवा नाहीतर स्टँडवर उतरा, खाडीवरचा पादचारी पूल ओलांडा, पण लगेच चॅपेलकडे वळू नका. आधी मळ्यात जा, झरा बघा, मारुतीच्या पायऱ्या चढा, तिथून खाली उतरत चॅपेल आणि मग सां तोमेपर्यंत. सकाळी आठच्या आधी निघालात तर पोदेर सायकलवरून जाताना भेटेल, त्याच्याकडून गरम पोळी, म्हणजे इथला पाव, घ्या.